कावळा शिवला, उमाला कुणी विचारले?

महेश मांजरेकर यांचा 'काकस्पर्श' हा चित्रपट मे २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. उषा दातार यांच्या कथेवर तो बेतलेला आहे. गेल्या शतकाच्या तिसाव्या वर्षापासून पुढची वीसेक वर्षे, कोकणातले एक ब्राह्मण घर आणि त्या घरातली एक बालविधवा एवढाच त्याचा पसारा. हा चित्रपट पाहून डोळे पुसत उठणारा प्रेक्षक बहुधा हरी दामले या नायकाच्या त्यागाबद्दल बोलत असतो. एका माणसाने मेलेल्या भावाला दिलेला शब्द आयुष्यभर पाळला, केवढा हा संयम, असे त्याचे म्हणणे असते. आम्हांला हा चित्रपट आवडतो आणि तो पुन्हा पाहावा असेही वाटते. पण त्यागाच्या या गोष्टीत एक प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. तो आम्हांला येथे विचारायचा आहे, कारण तो फक्त दामल्यांच्या घराचा नाही. आपल्याही घरांचा आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी. हरी हा घरातला कर्ता पुरुष, शिकलेला, समजूतदार. धाकटा भाऊ महादेव याचे लग्न उमा या लहान मुलीशी होते. ती वयात येते, पण दोघांचा संसार प्रत्यक्षात सुरू होण्यापूर्वीच महादेव मरण पावतो. हिंदू रिवाजाप्रमाणे दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्याने त्याला चोच लावण्याची वाट पाहतात. कावळा शिवला की मृताची इच्छा पुरी झाली असे मानतात. येथे कावळा शिवत नाही. सगळे ताटकळतात. शेवटी हरी पिंडापाशी जाऊन हलक्या आवाजात काहीतरी बोलतो आणि कावळा शिवतो. हरी काय बोलला ते कुणालाच कळत नाही. पुढचा सारा चित्रपट या न कळलेल्या वाक्याभोवती फिरतो. अगदी शेवटी समजते की उमाला दुसऱ्या कुणा पुरुषाचा स्पर्श होऊ देणार नाही, असे वचन हरीने भावाला दिले होते.

चित्रपटाची बाजू आधी मांडली पाहिजे. सचिन खेडेकर यांनी हरी फार तोलून उभा केला आहे. आवाज न चढवता घरावर वचक ठेवणारा, आणि आतून रोज थोडा थोडा खचणारा माणूस त्यांच्या डोळ्यांत दिसतो. लहान उमा केतकी माटेगावकर आणि मोठी उमा प्रिया बापट यांनी केली आहे. एकीचे पोरपण दुसरीच्या चेहऱ्यावर नेमके पुसलेले दिसते. मेधा मांजरेकर यांनी हरीची पत्नी तारा सोसिकपणे केली आहे. सविता मालपेकर यांची आत्या तर विसरता येत नाही. ही आत्या स्वतः केशवपन झालेली विधवा. उमाचे उद्या काय होणार ते आत्याच्या रूपाने घरात आजच वावरत असते. हे दाखवायला दिग्दर्शकाला एका शब्दाचीही गरज लागत नाही.

उमाचे केस काढावेत म्हणून भिक्षुक आणि गाव हट्ट धरतात, तेव्हा हरी त्यांच्यापुढे ठाम उभा राहतो. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. गावाचा रोष म्हणजे काय, हे कोकणाने चाळीस वर्षे आधीच पाहिले होते. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर कर्वे आपल्या मुरुड गावी गेले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्याबरोबर बैठकीला बसायचे नाही, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे, असे ठरले. म्हणजे मुलगा दारात आला तरी आईने त्याला आत बोलवायची चोरी. कर्वे यांनी हे 'आत्मवृत्ता'त सांगितले आहे आणि गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांनी, आपली बाजू 'माझे पुराण' या पुस्तकात मांडली आहे.

वाळीत टाकणे हा शब्द आपण सहज वापरतो. त्यात काय काय येते ते एकदा मोजून पाहावे. पाणी बंद, विस्तव बंद, न्हावी बंद, पंगत बंद, मुलीचे लग्न अडलेले, आणि मयत झाली तर खांदा द्यायला माणूस नाही. आपल्याकडे याला हुक्का-पानी बंद म्हणतात. ज्या माणसाला हे ठाऊक आहे आणि तरीही जो उमाच्या केसांना कात्री लागू देत नाही, तो हरी धाडसी आहेच. याबद्दल आमचे दुमत नाही.

आता प्रश्न असा की, हरीने उमाला गावापासून वाचवले, पण हरीपासून तिला कुणी वाचवले? मृत्यूच्या दारी पोचलेली तारा स्वतः नवऱ्याला सांगते की उमाशी लग्न कर. म्हणजे घरातली सगळ्यांत मोठी हरकत घेऊ शकणारी बाईच संमती देते. कायद्याने विधवाविवाह १८५६ पासूनच मान्य होता. मुरुडसारख्या गावाची खोड पुरी मोडली नसली, तरी कर्वे यांच्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या विधवा १९३० पर्यंत ठिकठिकाणी काम करत होत्या. वाट बिकट होती, पण बंद नव्हती. ती बंद केली ती हरीच्या वचनाने. हे वचन कुणाबद्दल होते? उमाच्या देहाबद्दल, तिच्या पुढच्या सगळ्या वर्षांबद्दल. दिले कुणी? दिराने. घेतले कुणी? मेलेल्या नवऱ्याने, आणि तेही त्याने मागितले होते असे नाही, मागत असावा असा हरीने कावळ्याच्या न येण्यावरून तर्क केला. या व्यवहारात उमा फक्त माल म्हणून आहे, पक्षकार म्हणून नाही.

शिवाय हे तिच्यापासून लपवले जाते. एकाच छपराखाली ती त्याच्या घराचा भार उचलते, त्याची मुले वाढवते आणि त्याच्या वागण्याचा अर्थ लावत राहते. तो कधी मायेने वागतो, कधी एकदम दूर होतो. आपल्यातच काही खोट असेल, असे तिला वाटू लागते. आमच्या मते वाळीत टाकण्याचा खरा प्रकार येथे आहे. गावाने टाकलेले वाळीत निदान उघड असते. कोण बोलत नाही आणि का बोलत नाही ते माणसाला कळते. घरातल्या गुपिताने टाकलेले वाळीत कळतही नाही. शेवटी ती अन्नपाणी सोडते, तेव्हा हरी तोंड उघडतो. ज्या गोष्टीवर तिचे सगळे आयुष्य टांगलेले होते, ती गोष्ट तिला आयुष्य संपताना समजते. दिग्दर्शक या क्षणी हरीच्या वेदनेवर कॅमेरा ठेवतो. आमचे डोळे मात्र उमाकडेच जातात.

कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. १९३० सालच्या बाईला कोण विचारत होते? या युक्तिवादाला मराठी चित्रपटानेच उत्तर देऊन ठेवले आहे. व्ही. शांताराम यांचा प्रभातचा 'कुंकू' १९३७ सालचा, म्हणजे 'काकस्पर्श'ची कथा ज्या काळात घडते त्याच काळात तयार झालेला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला होता. त्यातली नीरा फसवून एका वृद्धाच्या गळ्यात बांधली जाते. शांता आपटे यांनी केलेली ही नीरा पहिल्या दिवसापासून हे लग्न मानायला नकार देते, तोंडावर देते आणि कारण सांगून देते. अखेरीस केशवराव दाते यांनी रंगवलेले काकासाहेब आपली चूक ओळखतात आणि तिला मोकळी करून स्वतःचे जीवन संपवतात. त्यांचा शेवट आम्हांला पटत नाही; कुणाच्या सुटकेसाठी कुणी मरावे लागू नये. पण फरक लक्षात घ्यावा. 'कुंकू'तला नवरा मरताना बायकोला सोडवून जातो. 'काकस्पर्श'मधला नवरा मेल्यावर बायकोला बांधून ठेवतो, आणि गाठ मारतो थोरला भाऊ. पंचाहत्तर वर्षांनी काढलेल्या चित्रपटात बाईचा आवाज वाढायला हवा होता, तो कमी झाला. जुना काळ दाखवताना जुन्या काळातले बोलणारे लोक वगळले, तर तो काळ होता त्याहून जास्त मुका दिसतो. ऐतिहासिक म्हणवणाऱ्या आपल्या बऱ्याच चित्रपटांत हा दोष आहे.

घराण्याची अब्रू आणि तिच्याखाली गाडलेले गुपित हा विषय तसा साऱ्या जगाचा. नॉर्वेच्या नाटककारांनी तो फार आधी उघड्यावर आणला. हेन्रिक इब्सेनचे 'घोस्ट्स' हे नाटक १८८१ सालचे. त्यातली श्रीमती आल्विंग ही विधवा आपल्या नवऱ्याची बदफैली वर्षानुवर्षे झाकत राहते, मुलाला लहानपणीच घरापासून दूर पाठवते, नवऱ्याच्या नावाने अनाथाश्रमही बांधते. पण बापाची पापे मुलाच्या शरीरात रोग होऊन परत येतात. हे नाटक करायला त्या भागातली नाट्यगृहे तयार होईनात. त्याचा पहिला प्रयोग १८८२ मध्ये थेट अमेरिकेत, शिकागोला झाला. समाजाने नाटकालाच वाळीत टाकले म्हणायचे! इब्सेनचाच देशबांधव ब्यर्नसन याच्या एका नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी 'आंधळ्यांची शाळा' लिहिले आणि नाट्यमन्वंतर या संस्थेने ते १९३३ मध्ये रंगभूमीवर आणले. लग्नाआधी मुलीकडून जी शुद्धता मागता ती मुलाकडूनही मागा, असे त्या नाटकाचे म्हणणे. म्हणजे मराठी माणसाला हा प्रश्न परका नव्हता. श्रीमती आल्विंग आणि उमा यांच्यात एकच पण मोठा फरक आहे. आल्विंगबाई गुपित स्वतः बाळगते, म्हणून कधीतरी ते स्वतः फोडूही शकते. उमाजवळ तेही नाही. तिच्याबद्दलचे गुपित दुसऱ्याच्या खिशात आहे.

येथपर्यंत वाचून आपल्यापैकी काही जण मनात म्हणतील, हे सगळे त्यांच्याकडचे. इस्लामने विधवेला निकाहची मुभा चौदाशे वर्षांपूर्वीच दिली. खरे आहे. हजरत खदीजा या विधवा होत्या आणि निकाहचा प्रस्ताव त्यांच्याच बाजूने गेला होता. चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली की विधवा मोकळी. हजरत उम्मे सलमा यांना पैगंबरांकडून मागणी आली, तेव्हा आपले वय, आपली मुले आणि आपला स्वभाव याबद्दलच्या शंका त्यांनी आधी स्पष्ट बोलून दाखवल्या, त्यांचे समाधान झाले आणि मग निकाह झाला. फिक्हच्या पुस्तकांत तर एक बारीक पण मोलाचा भेद आहे. कुमारिकेचे मौन संमती धरली जाते. विधवेचे मौन पुरत नाही, तिने तोंडाने हो म्हटले पाहिजे. उमाच्या गोष्टीत जे हवे होते ते नेमके हेच. तिला विचारणे, आणि तिने बोलणे.

पण किताबात असणे वेगळे आणि मोहल्ल्यात असणे वेगळे. तसे नसते तर आपल्या उर्दू साहित्यात विधवेचा एवढा आकांत का असता? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर हिंदुस्थानातल्या शरीफ म्हणवणाऱ्या मुस्लिम घराण्यांत विधवेचा दुसरा निकाह लाजिरवाणा समजत. ही लाज मोडण्यासाठी रायबरेलीच्या सय्यद अहमद यांनी आपल्या दिवंगत भावाच्या विधवेशी निकाह केला. हरी दामले जे करू शकला नाही ते नेमके त्यांनी केले, आणि लोकांनी पाहावे म्हणून केले. तरीही लाज मोडली नाही. १८८४ मध्ये हाली यांना 'मुनाजात-ए-बेवा' लिहावी लागली. तिच्यात विधवा स्वतः बोलते, घरातल्या बायकांच्या साध्या बोलीत बोलते. पण बोलते अल्लाहशी, कारण ऐकणारा माणूस जवळ नाही. १८९१ मध्ये डेप्युटी नजीर अहमद यांची 'अयामा' ही कादंबरी आली. सूरह नूरमध्ये जोडीदार नसलेल्यांसाठी आलेला हा शब्द. त्यांचे निकाह लावून द्या, असा तेथे आदेश आहे. कादंबरीतल्या आझादी बेगमला दुसरा निकाह करायचा असतो, धर्माची आडकाठी नाही हेही ठाऊक असते, पण लोक काय म्हणतील या धाकाने ती करू शकत नाही. मरण्यापूर्वी ती बायकांना जमवते आणि मनातले सगळे बोलून टाकते.

दामल्यांची उमा आणि दिल्लीच्या लेखकाची आझादी या दोघी येथे समोरासमोर येतात. एकीला धर्माची मनाई, दुसरीला धर्माची परवानगी. आणि दोघींची खरी गोष्ट बाहेर येते ती मरणाच्या बिछान्यावर. परवानगी असूनही नशीब सारखेच निघत असेल, तर दोष फक्त परवानगीत नाही हे उघड आहे. आपल्या विदर्भात शेतकरी आणि कारागीर जातींमध्ये विधवेचा पाट लावण्याची चाल होती. मग घरात पैसा आला, प्रतिष्ठा आली की पहिल्यांदा पाट बंद व्हायचा. वरच्या जातीसारखे दिसायचे तर घरातल्या विधवेला घरातच बसवून ठेवायचे. आपल्याकडेही खानदान शरीफ ठरले की हेच घडले. अब्रूचे हे गणित धर्म विचारत नाही.

आम्ही नागपुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. प्रवेशाच्या अर्जावर वडिलांच्या नावाआधी 'मरहूम' लिहिलेले दिसते, तेव्हा आई किती वर्षांची असेल याचा अंदाज मुलाच्या वयावरून येतो. पंचवीस, अठ्ठावीस, फार तर तीस. पालकसभेला चाचा येतात, कधी दादा येतात. आई मागे उभी असते आणि बोलत नाही. क्वचित एखादीचा दुसरा निकाह होतो. असर आणि मगरिबच्या मध्ये, चार माणसांत, दावत नाही, शेजाऱ्यांना खबर नाही. मग एखादी सातवी-आठवीतली मुलगी मधल्या सुट्टीत हळूच सांगते, "अम्मी का निकाह हुआ, मगर किसी को बोलना मत." जे शरीअतने हलाल केले ते या पोरीला गुनाहसारखे लपवावे लागते. तिला हे लपवायला शिकवणारे आपणच आहोत.

या लपवण्यामागे निव्वळ भाबडी लाज नसते, हेही सांगितले पाहिजे. हनफी कायद्याप्रमाणे मुले असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेतला आठवा हिस्सा मिळतो. बाप आजोबांच्या आधी गेला आणि चाचा हयात असले, तर यतीम नातवंडांना आजोबांचा वारसा मिळत नाही. आजोबांनी वसीयत केली तरच काही पदरात पडते. आईने मुलांच्या महरम नात्याबाहेरच्या पुरुषाशी निकाह केला, तर मुलांना जवळ ठेवण्याचा तिचा हक्क अडचणीत येतो. म्हणजे गप्प राहिली तर छप्पर आणि मुले, बोलली तर दोन्हींवर पाणी. कुणी तिच्यासाठी पिंडापाशी शपथ घेतलेली नसते, पण तिच्या आयुष्याचा निर्णय बैठकीच्या खोलीत झालेला असतो आणि तो तिला पडद्यामागून अर्धामुर्धा ऐकू येतो. दिराशी निकाह लावून द्यायचे ठरले, तरी तिच्या होकाराची वाट कितीदा पाहिली जाते? सय्यद अहमद यांचे उदाहरण द्यायचे तर उम्मे सलमा यांच्या शंकांचेही द्यावे.

गावाने टाकलेल्या वाळीतावर आता कायदा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यास बंदी घातली होती. बोहरा जमातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो कायदा रद्द ठरवला. त्यानंतर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे प्रकार बंद करण्याचा ठराव केला आणि इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे शासनाने सांगितले. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण कायदा पंचायतीला पकडू शकतो, बैठकीच्या खोलीला नाही. घरातल्या मौनावर कलम लागत नाही. तेथे साहित्य, नाटक आणि चित्रपट यांनाच जावे लागते.

'काकस्पर्श' त्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत जातो, हे त्याचे श्रेय. आत्याच्या डोक्यावरचे लाल लुगडे, ताराचा समंजसपणा, हरीचे आतल्या आत जळणे हे सगळे तो प्रामाणिकपणे दाखवतो. पण उंबरठा ओलांडून उमाजवळ बसत नाही. हरीचे वचन त्याला पवित्र वाटते. ते बेकायदा कब्जा होता असे त्याला वाटत नाही. म्हणून चित्रपट संपताना प्रेक्षकाला हळहळ वाटते, राग येत नाही. आमच्या मते राग यायला हवा होता.

तरी हा चित्रपट घरी सगळ्यांनी मिळून पाहावा, असे आम्ही सुचवू. घरातल्या मोठ्यांनी, मुलींनी आणि विशेषतः सुनांनी. हरी पिंडापाशी वाकतो तेथे चित्रपट थांबवावा आणि घरातल्या बायकांना विचारावे की तुम्ही उमाच्या जागी असता तर काय म्हणाला असता. त्या गप्प राहिल्या तर थोडे थांबावे. त्यांचे मौन होकार धरू नये.